मंदगतीची चौकशी

भिंतीवरील कॅमेऱ्यांची चित्रे साठविणारी पेटी, घरोघरचा राउटर, कारखान्यातील यंत्रांच्या नोंदी घेणारे नियंत्रक, किंवा एखाद्या हौशी गृहस्थाने हाताएवढ्या रास्पबेरी पायला जुनी डिस्क जोडून उभारलेला घरगुती फाइल-सर्व्हर, ही जी लहान संगणकयंत्रे एका कोपऱ्यात बसून नेमून दिलेले काम वर्षानुवर्षे करीत असतात, त्यांपैकी पुष्कळांच्या पोटात आज लिनक्स असते. आणि त्यांच्याविषयीची जी तक्रार वारंवार कानी पडते, ती 'फाइल फार हळू जाते' ही होय. तक्रार बहुधा खरी असते, पण तिच्या पाठोपाठ जो निवाडा येतो, 'नेटवर्क स्लो आहे', तो बहुधा चौकशीवाचून दिलेला असतो. फाइलचा प्रवास तारेवरून होतो हे सर्वांस ठाऊक असल्यामुळे तारेवर ठपका ठेवणे सोपे जाते. परंतु त्या प्रवासाचा तारेवरील भाग हा एकंदर वाटचालीचा एक लहानसा तुकडा असून उरलेली वाट डिस्क, स्मृती, प्रोसेसर आणि यंत्राच्या अंतर्गत वाहिन्या यांच्यामधून जाते, याची दखल तक्रारकर्त्याने घेतलेली नसते.

कोणत्याही चौकशीस आरंभ करण्यापूर्वी 'हळू' या शब्दाचे रूपांतर आकड्यात केले पाहिजे, आणि त्या आकड्याशेजारी दुसरा आकडा, म्हणजे जास्तीत जास्त किती गती मिळणे शक्य होते हा, मांडला पाहिजे. येथेच पहिला घोटाळा होतो. जाळ्याची गती बिटांत सांगण्याचा आणि फाइलचा आकार बाइटांत मोजण्याचा प्रघात असल्यामुळे, वेष्टनावर १०० मेगाबिट वाचलेला माणूस पडद्यावर ११ हा आकडा पाहून दचकतो. आठ बिटांचा एक बाइट या हिशेबाने १०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. पण तेवढेही पदरात पडत नाहीत, कारण इथरनेटवरून जाणारे प्रत्येक भरलेले पॅकेट तारेवर १५३८ बाइटांची जागा अडविते. त्यांतून आरंभीच्या इशाऱ्याचे ८ बाइट, पत्त्यांच्या मथळ्याचे १४, शेवटच्या पडताळणीचे ४ आणि दोन पॅकेटांमध्ये सक्तीने सोडावयाच्या मोकळ्या जागेचे १२ बाइट वजा गेले, की १५०० उरतात. त्यांतूनही आयपी आणि टीसीपी यांचे मथळे, वेळेच्या नोंदीसह, ५२ बाइट घेतात आणि फाइलच्या वाट्यास १४४८ येतात. सारांश, १०० मेगाबिटांच्या तारेवर प्रत्यक्ष हाती लागणारी कमाल गती सुमारे ९४ मेगाबिट, म्हणजे सेकंदाला पावणेबारा मेगाबाइट एवढीच. गिगाबिट तारेवर तिच्या दसपट, सुमारे ११७ मेगाबाइट. ज्याला अकरा मेगाबाइट मिळत आहेत आणि ज्याची तार १०० मेगाबिटांची आहे, त्याची तक्रार तेथेच निकालात काढावी.

उलट, यंत्र गिगाबिट असून गती अकराच्या आसपास अडकलेली असेल, तर तो आकडाच बोलका ठरतो: यंत्रे परस्परांशी १०० मेगाबिटांनीच बोलत आहेत. गिगाबिटास केबलमधील आठही तारा लागतात, १०० मेगाबिटांस चार पुरतात. त्यामुळे खिळ्याखाली दबून एखादी तार तुटली किंवा कनेक्टर नीट क्रिंप झालेला नसला, तरी पुष्कळ यंत्रे कोणतीही कुरकुर न करता खालच्या गतीवर उतरतात आणि दिवा पूर्ववत लुकलुकत राहतो. 'इथटूल' ही आज्ञा यंत्रावर चालविली असता गती कोणती ठरली आहे आणि दुतर्फा बोलणे चालू आहे की एकतर्फा, हे दोन ओळींत कळते. केबल बदलून जे दोन मिनिटांत सुटले असते, त्यासाठी लोक सॉफ्टवेअरची पानेच्या पाने चाळीत बसतात.

तार निर्दोष दिसली, म्हणजे पुढची पायरी वाटेचे तुकडे पाडून प्रत्येकाची स्वतंत्र मोजदाद करण्याची. साखळीची गती तिच्यातील सर्वांत मंद दुव्याएवढीच असणार, हे सर्वांस मान्य असते. तो दुवा कोणता हे मात्र अंदाजाने ठरविले जाते, आणि अनुभवी अभियंत्यांचाही अंदाज येथे चुकतो असे मला वाटते. जाळ्याची एकट्याची परीक्षा घेण्यासाठी 'आयपर्फ' नावाची एक उपयुक्त वस्तू आहे. एका यंत्रावर ती ऐकणारी म्हणून बसवावी, दुसऱ्यावर बोलणारी म्हणून. मग ती एकाच्या स्मृतीतून दुसऱ्याच्या स्मृतीत निरर्थक बाइटांचा ओघ सोडते आणि डिस्क या प्रकरणातून पूर्णपणे बाहेर राहते. ही परीक्षा दोन्ही दिशांनी घेतली पाहिजे, कारण लहान यंत्रांस पाठविण्यापेक्षा स्वीकारणे अधिक जड जाते: पाठविताना कामाचा क्रम यंत्राच्या हाती असतो, स्वीकारताना पॅकेटे वाटेल त्या क्षणी येऊन प्रोसेसरचे काम थांबवितात. आयपर्फने ९४ मेगाबिट दाखविले आणि फाइल मात्र तीन मेगाबाइटांनीच सरकत असली, तर जाळे निर्दोष सुटले असे समजून आत वळावे.

डिस्कची परीक्षा 'डीडी' या जुन्या आज्ञेने घेण्याची वहिवाट आहे आणि तिच्यात एक खड्डा आहे. शून्यांचा एक ढीग डिस्कवर लिहावयास सांगितला, की लिनक्स तो प्रथम आपल्या स्मृतीत ठेवून घेते, 'काम झाले' असे कळविते, आणि प्रत्यक्ष लेखन मागाहून सवडीने उरकते. त्यामुळे दहा मेगाबाइटांचा वकूब असलेले एसडी कार्डही कागदोपत्री शंभर मेगाबाइटांचे दिसू लागते. आज्ञेला 'शेवटी सर्व काही खरोखर डिस्कवर उतरेपर्यंत थांब' असे बजावणारे 'एफसिंक'चे कलम जोडले, म्हणजे खरा आकडा बाहेर पडतो. याच उधारीच्या पद्धतीमुळे फाइल पाठविताना एक चमत्कारिक दृश्य दिसते: आरंभी गती झपाट्याने चढते, वापरणारा खूष होतो, आणि थोड्याच वेळात ती एकदम शून्यावर येऊन काही सेकंद तेथेच राहते. न लिहिलेल्या मजकुराने स्मृतीचा ठराविक हिस्सा व्यापला, म्हणजे लिनक्सचे कर्नल नव्या लेखकांस अडवून आधीची थकबाकी वसूल करू लागते. ही मर्यादा सामान्यतः उपलब्ध स्मृतीच्या एक पंचमांशाइतकी असते. जेथे एकूण स्मृतीच २५६ किंवा ५१२ मेगाबाइट, तेथे ती क्षणार्धात भरते. असा चढउतारांचा आलेख दिसला, तर संशयाची सुई जाळ्यावरून डिस्ककडे वळविण्यास हरकत नाही.

तथापि लहान यंत्रांच्या बाबतीत माझा पहिला संशय प्रोसेसरवर असतो. जुन्या मामलेदार कचेरीत आवक-जावक सर्व टपाल एकाच बारनिशी कारकुनाच्या हातून जात असे; पत्र कितीही क्षुल्लक असो, त्याची नोंद करणे, शिक्का मारणे आणि योग्य त्या मेजावर पाठविणे ही कामे त्यालाच करावी लागत, आणि टपाल वाढले की कचेरीचा इतर कारभारही त्याच्यापाशी तुंबत असे. लहान यंत्रातील प्रोसेसर असाच असतो: सेकंदाला आठ हजारांवर पॅकेटे, प्रत्येकाची पडताळणी, प्रत्येकातील मजकुराची स्मृतीतल्या एका जागेवरून दुसऱ्या जागी नक्कल, आणि यांच्या जोडीला फाइल-व्यवस्थेचे, जाळ्यावर फाइली वाटणाऱ्या सांबाचे किंवा सांकेतिकीकरणाचे काम. ज्या यंत्रांत पडताळणीची बेरीज जाळ्याचे कार्ड स्वतः करते, तेथे हा भार हलका होतो. स्वस्त यंत्रांत ती सोय नेहमीच असते असे नाही.

हा भार पाहण्यासाठी फाइल जात असतानाच 'टॉप' उघडून वरच्या एका ओळीकडे शांतपणे पाहावे. त्या ओळीत प्रोसेसरच्या वेळेची फाळणी दिलेली असते. 'यूएस'चा आकडा मोठा असेल तर एखादा सामान्य प्रोग्रॅम, बहुधा एसएसएच किंवा सांबा, वेळ खात आहे. 'एसवाय' मोठा असेल तर कर्नल स्वतः. 'एसआय' वाढलेला असेल तर आलेल्या पॅकेटांची व्यवस्था लावण्यातच दम निघत आहे, आणि अशा वेळी यादीत 'केसॉफ्टआयआरक्यूडी' हे लांबलचक नावही वर आलेले आढळते. 'डब्ल्यूए' मोठा असेल तर प्रोसेसर रिकामा बसून डिस्कची वाट पाहत आहे. येथे एक सावधगिरी. चार गाभ्यांच्या प्रोसेसरवर एकच गाभा पूर्ण दमलेला असला तरी सरासरीत २५ टक्केच दिसतात, आणि 'यंत्र तर पाऊण रिकामे आहे' असा गैरसमज होतो. 'एक' हा आकडा दाबला, की टॉप प्रत्येक गाभ्याचा हिशेब वेगळा मांडते. ही कळ ज्याला ठाऊक नाही, त्याने सरासरीवर विश्वास ठेवू नये.

'यूएस'च्या सदरात सापडणारे दोन नेहमीचे इसम आहेत. एक म्हणजे विंडोजवरून आणलेली, एनटीएफएस पद्धतीने आखलेली डिस्क. लिनक्समध्ये ती दीर्घकाळ एनटीएफएस-३जी या प्रोग्रॅमच्या मध्यस्थीने वापरली जाई, आणि हा प्रोग्रॅम कर्नलच्या बाहेर राहून काम करीत असल्यामुळे प्रत्येक वाचन-लेखनास आत-बाहेर अशा खेपा पडत. मोठ्या संगणकावर त्या जाणवत नाहीत. लहान यंत्रावर 'माउंट-डॉट-एनटीएफएस' प्रोसेसर जवळजवळ संपूर्ण गिळून बसलेला दिसतो. कर्नलच्या आतच राहणारा नवा चालक २०२१ साली लिनक्सच्या ५.१५ या आवृत्तीत दाखल झाला. पण कोपऱ्यातल्या यंत्रावरील कर्नल त्याहून जुने असण्याचीच शक्यता अधिक. डिस्क ईएक्सटी-४ पद्धतीने पुन्हा आखणे हा यावरचा सरळ उपाय, अर्थात आतील मजकूर आधी दुसरीकडे हलवून.

दुसरा इसम एसएसएच. त्याच्या एससीपी या आज्ञेने फाइल पाठविली, की तिचा प्रत्येक बाइट सांकेतिक लिपीत बदलला जातो. ज्या प्रोसेसरांत एईएस या पद्धतीसाठी खास आज्ञा कोरलेल्या असतात त्यांस हे काम खेळासारखे वाटते; पण २०१९ सालच्या रास्पबेरी पाय ४ मध्येदेखील त्या आज्ञा नाहीत. ओपनएसएसएचमध्ये २०१४ पासून असलेली चाचा-२० ही पद्धत अशा आज्ञांवाचूनही बऱ्या वेगाने चालते, म्हणून लहान यंत्रांना ती मानवते. खात्री करून घ्यावयाची तर तीच फाइल एकदा एससीपीने आणि एकदा 'नेटकॅट'ने उघडीच पाठवून दोन्ही वेळा ताडून पाहाव्यात. अंतर मोठे निघाले, तर ते जवळजवळ सगळे संकेतलेखनाच्या खाती मांडता येते. घरातल्या घरात सिनेमाची फाइल हलविण्यासाठी एवढा गुप्तपणा कशाला, हा प्रश्न रास्त आहे; कचेरीच्या जाळ्यावर मात्र तो विचारू नये.

आता अंतर्गत वाहिन्यांकडे वळू. रास्पबेरी पायचा इतिहास या विषयाचा एक उत्तम धडा आहे. फेब्रुवारी २०१२ मध्ये जे पहिले मॉडेल बाजारात आले, त्याच्या ७०० मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरास बाहेरच्या जगाशी जोडणारी एकच यूएसबी २.० वाहिनी होती, आणि इथरनेटचा सांधा व यूएसबीची भोके ही दोन्ही एकाच चिपमधून त्या एका वाहिनीवर लोंबकळत होती. जाळ्यावरून आलेला बाइट त्या वाहिनीने आत यावयाचा आणि त्याच वाहिनीने बाहेरच्या डिस्ककडे जावयाचा. हे कळल्याबरोबर मंदगतीचा सारा दोष या दुहेरी वाहतुकीवर टाकण्याचा मोह अनिवार होतो. पण हिशेब काय सांगतो? यूएसबी २.० ची नाममात्र गती ४८० मेगाबिट. चांगल्या संगणकावर तिच्यातून प्रत्यक्षात सेकंदाला ३५ ते ४० मेगाबाइट निघतात. तार देणार कमाल पावणेबारा. ते दोनदा धरले तरी साडेतेवीस. म्हणजे वाहिनीच्या रुंदीपुरते पाहिले तर २०१२ च्या यंत्रात ती निरपराध ठरते! खरा भार पडत होता तो प्रोसेसरवर: यूएसबीचा चालक दर १२५ मायक्रोसेकंदांस एकदा, म्हणजे सेकंदाला ८००० वेळा, प्रोसेसरचे लक्ष वेधून घेई, आणि हा तगादा पुढे चालकात सुधारणा झाल्यावरच हलका झाला.

२०१८ साली ३बी प्लस हे मॉडेल आले, त्यावर गिगाबिट इथरनेट होते, पण तेही त्याच यूएसबी २.० वाहिनीवर; म्हणून उत्पादकांनी स्वतःच त्याची कमाल गती ३०० मेगाबिट सांगितली. ३०० मेगाबिट म्हणजे साडेसदतीस मेगाबाइट, आणि वाहिनीची कुवत जवळजवळ तेवढीच. येथे मात्र जाळे आणि डिस्क एकाच वेळी चालू झाली, की दोघांना निम्मे निम्मे वाटून घेण्यावाचून गत्यंतर नाही. जी रचना सहा वर्षांपूर्वी निर्दोष होती, तीच तारेची रुंदी वाढताच दोषी ठरली. पुढच्या वर्षी आलेल्या पाय ४ मध्ये इथरनेट यूएसबीपासून विभक्त करण्यात आले. कोणता दुवा मंद, हे यंत्राच्या नकाशावरून कळत नाही. त्या नकाशावर आकडे मांडावे लागतात.

क्वचित असे आढळते की तार रिकामी, डिस्क रिकामी, प्रोसेसरही नव्वद टक्के रिकामा, आणि तरीही फाइल सरकत नाही. सर्वच रिकामे बसलेले असतील, तर कोणीतरी कोणाची तरी वाट पाहत आहे एवढे निश्चित समजावे. लहान यंत्रांत सॉफ्टवेअर भरण्यासाठी टीएफटीपी हा संकेत अजून सर्रास वापरला जातो. मूळ रूपात तो ५१२ बाइटांचा एक तुकडा पाठवितो आणि त्याची पोच आल्याशिवाय दुसरा पाठवीत नाही. जाऊन-येऊन एक मिलिसेकंद लागत असेल, तर सेकंदाला हजार तुकडे, म्हणजे जेमतेम अर्धा मेगाबाइट. तार १०० मेगाबिटांची असो की गिगाबिट, या आकड्यात फरक पडत नाही. तुकड्याचा आकार वाढविण्याची मुभा १९९८ च्या सुधारणेत आहे, तिचा लाभ घ्यावा. दुसरा प्रकार टीसीपीमधला. जॉन नेगल यांनी १९८४ साली सुचविलेल्या नियमाप्रमाणे, आधी पाठविलेल्याची पोच येईपर्यंत लहानसा तुकडा राखून ठेवला जातो. आणि समोरचा पक्षही, एकाच पत्रात दोन कामे व्हावीत म्हणून, पोच देण्यास किंचित विलंब लावतो, लिनक्समध्ये तो ४० मिलिसेकंदांपासून असतो. दोघेही काटकसरी, दोघांचाही हेतू स्तुत्य. पण एकमेकांसमोर आले, की प्रत्येक लहान व्यवहारास चाळीस मिलिसेकंदांचा भुर्दंड, म्हणजे सेकंदाला पंचवीसच व्यवहार. पॅकेटांच्या नोंदीत चाळीस-चाळीस मिलिसेकंदांची अंतरे ओळीने दिसली, की ओळख पटली; प्रोग्रॅममध्ये 'टीसीपी-नोडिले' हा पर्याय लावला, की हे थांबते.

पॅकेटे वाटेत गहाळ होणे हे आणखी एक स्वतंत्र प्रकरण. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि तेथून अवघ्या ४०० यार्डांवरील बर्कली विद्यापीठ यांच्यामधील गती सेकंदाला ३२००० बिटांवरून ४० बिटांवर कोसळली होती. हरवलेल्या पॅकेटांच्या नकला अधीरतेने पुनःपुन्हा पाठविण्यामुळे वाट अधिकच तुंबत गेली होती, आणि व्हॅन जेकबसन यांच्या १९८८ च्या निबंधाने टीसीपीला संयम शिकविला. तेव्हापासून टीसीपी पॅकेट हरवले की गर्दी झाली असे मानून आपली गती कमी करते. परंतु गर्दी नसताना, केवळ तारेतील बिघाडाने पॅकेट हरवले, तरी ती तसेच मानते. त्यामुळे किरकोळ गळतीही गतीच्या मानाने फार महाग पडते.

अशा गळतीची दोन कारणे लहान यंत्रांत विशेष भेटतात. पहिले दुतर्फेपणाचे भांडण: एका टोकास कोणी हाताने '१०० मेगाबिट, दुतर्फा' असे पक्के करून ठेवलेले आणि दुसरे टोक आपोआप वाटाघाट करू पाहणारे. समोरून वाटाघाटीला उत्तर न आल्यास दुसऱ्या टोकास गती ओळखता येते, पण दुतर्फेपणा ओळखता येत नाही, म्हणून नियमाप्रमाणे ते एकतर्फा धरून चालते. मग एक जण वाटेल तेव्हा बोलतो, दुसरा त्याला टक्कर समजून माघार घेतो. 'पिंग' उत्तम चालते, छोटी पाने उघडतात, आणि मोठी फाइल सोडली की सर्व काही ढेपाळते. एकीकडे उशिराच्या टकरींचा आणि दुसरीकडे पडताळणीच्या चुकांचा आकडा वाढत असलेला इथटूलच्या तपशीलवार गणनेत दिसला, तर आणखी पुरावा नको. दुसरे कारण नव्याने घडविलेल्या सर्किट-बोर्डांवर सापडते. प्रोसेसर आणि इथरनेटची चिप यांच्यामधील आरजीएमआयआय या जोडणीत घड्याळाचा ठोका मजकुरापेक्षा सुमारे दोन नॅनोसेकंद मागे ठेवावा लागतो, आणि ते अंतर कोणी राखावयाचे हे डिव्हाइस-ट्रीमधील, म्हणजे कर्नलला बोर्डाची रचना सांगणाऱ्या फाइलमधील, एका ओळीत सांगावे लागते. ओळ चुकली तर गिगाबिटावर, जेथे एका ठोक्याचा कालावधीच आठ नॅनोसेकंदांचा, मजकूर बिघडतो. १०० मेगाबिटांवर तो कालावधी चाळीस नॅनोसेकंदांचा असल्याने चूक खपून जाते. 'शंभरवर बरे चालते, हजारवर अडखळते' अशी तक्रार नव्या बोर्डाविषयी आली, तर केबल बदलून पाहिल्यानंतर लगेच ही ओळ तपासावी.

राहिली पॅकेटांची प्रत्यक्ष नोंद घेण्याची गोष्ट. 'टीसीपीडंप' लहान यंत्रावरच चालविण्याचा मोह होतो, कारण ते तेथे बहुधा हाताशी असते. पण आधीच दमलेल्या प्रोसेसरवर ते प्रत्येक पॅकेटाची आणखी एक नक्कल करावयास लावते, आणि ती नोंद त्याच मंद एसडी कार्डावर उतरविली तर मोजमापानेच मोजावयाची वस्तू बदलते. म्हणून नोंद समोरच्या मोठ्या संगणकावर घ्यावी, किंवा स्विचला सोय असेल तर एका दाराची वाहतूक दुसऱ्या दारावर नकलून तेथे लावलेल्या लॅपटॉपवर घ्यावी, आणि वायरशार्क या विश्लेषक प्रोग्रॅममध्ये ती उघडून प्रथम पुनःप्रेषित पॅकेटे किती आहेत ते व मग दोन पॅकेटांमधील मोकळ्या वेळांची लांबी पाहावी.